सप्तशृंगीची मान कललेली का, आणि चैत्रात आपल्या खान्देशातून लोक गडावर पायी का जातात?

आमच्याकडे सांगतात ती कथा अशी: गडासमोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी देवीची स्तुती करत, ती नीट ऐकू यावी म्हणून देवीने मान त्या बाजूला वळवली. तो मार्कंडेय डोंगर आजही समोर दिसतो.

दुसरी कथा महिषासुराची. त्याच्या वधासाठी देवांनी आपापली शस्त्रे दिली, शंकराने त्रिशूळ, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र. म्हणून मूर्तीला अठरा हात. कड्यातच कोरलेली ही सुमारे आठ फुटी मूर्ती शेंदराने मढलेली असायची. 2022 मध्ये हजार किलोहून अधिक शेंदूर काढला, तेव्हा नाकडोळे किती रेखीव आहेत ते कळलं.

साडेतीन पीठांतलं हे अर्धं पीठ. गड नाशिक जिल्ह्यात असला तरी खान्देशातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे, आणि आपण तिला माहेरवाशीण मानतो. लेकीला भेटायला जावं तसं रामनवमी ते चैत्र पौर्णिमा धुळे, जळगाव, नंदुरबारहून पायी दिंड्या निघतात. उन्हाचा कहर असतो, म्हणून बरेच जण रात्री चालतात. वाटेत गावोगावी पाणी, जेवण मिळतं. मला तर ही वाटेवरची सेवाही देवीचीच पूजा वाटते.

2018 पासून वर जायला फनिक्युलर ट्रॉली, म्हणजे दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी आहे. पण गुडघे साथ देत असतील तर पायऱ्यांनीच जा. पायऱ्या सुरू होतात तिथे महिषासुराचं दगडी शिर आहे, त्याचंही दर्शन घेऊन मगच लोक वर चढतात.