बाऊल सामने (अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले हंगामाअखेरचे सामने) टाळणाऱ्या कॉलेज फुटबॉलपटूंवर समालोचक कर्क हर्बस्ट्रीट यांनी केलेली टीका योग्य होती का?

नाही, ती अन्यायकारक होती. १ जानेवारी २०२२ रोजी ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर त्यांनी या पिढीतल्या खेळाडूंच्या फुटबॉलप्रेमावरच शंका घेतली. पण प्रश्न प्रेमाचा नाही, दुखापतीच्या जोखमीचा आहे. असाच एक सामना, फिएस्टा बाऊल, खेळताना २०१६ मध्ये नोटर डेम विद्यापीठाच्या जेलन स्मिथचा गुडघा गेला आणि एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमधले संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात त्या निवडीत, पहिल्या फेरीत हमखास निवडला जाईल असं वाटणारा हा मुलगा दुसऱ्या फेरीत, ३४व्या क्रमांकावर घसरला. पैशांचं केवढं नुकसान! टीकेच्याच दिवशी रात्री शुगर बाऊल हा सामना खेळायला उतरलेला ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) संघाचा मॅट कॉरल पाय दुखावून बाहेर पडला. मात्र सगळ्यांना एका माळेत ओवायचं नव्हतं, असा खुलासा हर्बस्ट्रीट यांनी नंतर केला, हेही सांगायला हवं.