‘समजलं का?’ विचारून समजत नाही

वाचन-आकलनाविषयी शिक्षकांनी आणि पालकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : माझा तिसरीचा वर्ग आहे. मुलं धडा खडखडीत वाचतात, स्वाध्यायही बिनचूक लिहितात. पण तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प. असं का होतं?

कारण स्वाध्यायातल्या बऱ्याच प्रश्नांना धडा समजण्याची गरजच पडत नाही. हे वाक्य पाहा : ‘काल एक तिमरा डुंबका झिंबळीवर निरकला.’ डुंबका कुठे निरकला? झिंबळीवर. कसा होता? तिमरा. कधी निरकला? काल. पैकीच्या पैकी गुण, आणि अर्थाचा पत्ता नाही. मुलंही हेच करतात. प्रश्नातला शब्द धरायचा, धड्यात तो हुडकायचा आणि ती ओळ वहीत उतरवायची. ‘कुठे’ विचारलं की ‘-वर’ किंवा ‘-त’ लागलेला शब्द शोधायचा, एवढं त्यांना दुसरीतच उमगलेलं असतं.

प्रश्न तीन प्रकारचे असतात हे त्यांना उघड सांगून टाका. पहिल्याचं उत्तर एका ओळीत सापडतं. दुसऱ्याचं दोन-तीन ओळी जोडून मिळतं. तिसऱ्याचं मात्र धड्यातली खूण आणि आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट एकत्र केल्यावर निघतं. काही दिवस उत्तर लिहून घेऊच नका. प्रश्न वाचायचा आणि तो कोणत्या प्रकारचा, हे एक, दोन किंवा तीन बोटं वर करून दाखवायचं. तुम्ही स्वतः पाच प्रश्न काढलेत तर पहिल्या प्रकारचे दोनांहून जास्त नकोत. तिसऱ्या प्रकाराच्या प्रत्येक उत्तरानंतर ‘कशावरून?’ हे विचारायचंच, आणि मुलानं धड्यातल्या नेमक्या शब्दांवर बोट ठेवायचं. हे राहून गेलं की मुलं मनाला येईल ते सांगतात आणि आपण ‘छान!’ म्हणून पुढे सरकतो.

प्रश्न : ‘मोठ्यानं विचार करून दाखवा’ असं प्रशिक्षणात सांगितलं. म्हणजे वर्गात नेमकं बोलायचं काय?

हा प्रश्न फार मोलाचा आहे. प्रश्न विचारणं ही परीक्षा झाली, शिकवणं नव्हे. वाचन-संशोधक डोलोरेस डर्किन यांनी अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांची केलेली पाहणी १९७८-७९मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष आकलन शिकवण्यात गेलेला वेळ त्यात एक टक्काही भरला नव्हता. प्रश्न विचारून उत्तरं तपासणं मात्र भरपूर चालू होतं. समजून घेताना डोक्यात काय चालतं हे मुलांना दिसत नाही, म्हणून ते ऐकवायचं.

समजा उतारा असा आहे : ‘आभाळ गडगडलं तशी सुमन गच्चीवर धावली. दोरीवरचं सगळं कवेत घेऊन ती खाली आली. मांजर मात्र केव्हाच पलंगाखाली जाऊन बसलं होतं.’

दुसऱ्या वाक्यानंतर थांबा. पुस्तक खाली करा आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोला : “दोरीवरचं सगळं म्हणजे काय? इथे सांगितलेलं नाही. गच्ची आहे, दोरी आहे, आभाळ गडगडतंय. वाळत घातलेले कपडे असणार.” तिसऱ्यानंतर : “‘मात्र’ आलं, म्हणजे मांजराचं काहीतरी वेगळं आहे. ‘केव्हाच’ म्हणजे सुमन खाली यायच्या आधी. पलंगाखाली का बरं गेलं? आवाजाला घाबरलं असावं. पण खात्री नाही, पुढे वाचून बघते.”

वाचताना पुस्तक डोळ्यांसमोर, विचार सांगताना छातीशी. एवढ्या खुणेनं पुस्तकातलं वाक्य कोणतं आणि तुमचं कोणतं, हे मुलांना वेगळं कळतं. पानामागे दोन-तीनच थांबे घ्या आणि ते आदल्या दिवशी पेन्सिलीनं खुणा करून ठरवा. ओळीओळीला थांबलात तर गोष्टीचा धागा तुटतो. एक थांबा मुद्दाम चुकीच्या अंदाजाचा ठेवा आणि पुढच्या वाक्यावर तो अंदाज दुरुस्त करून दाखवा. चांगला वाचकही चुकतो आणि मागे जाऊन पाहतो, हे मुलांनी ऐकलेलं नसतं.

हमखास फसतं ते असं : तिसऱ्या मिनिटाला सवयीनं तोंडातून येतं, ‘मग मांजर का लपलं असेल, सांगा पाहू?’ झाली परत परीक्षा सुरू. दहा मिनिटं फक्त तुम्ही बोला. पुढचा परिच्छेद सगळ्यांनी मिळून, त्यानंतरचा जोडीजोडीनं. पहिला आठवडा जवळजवळ सगळं तुमच्याच तोंडून आलं तरी बिघडत नाही. दुसऱ्या आठवड्यानंतरही तुम्हीच बोलत असाल तर मात्र कुठेतरी चुकतंय.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. अक्षरं जुळवत वाचते आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते. तिच्याकडून सारांश सांगून घ्यावा का?

इतक्यात नको. आधी अडचण कुठे आहे ते पाहा. तिनं न वाचलेला शंभरेक शब्दांचा उतारा तिला वाचायला द्या आणि चार प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढाच, तितकाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तसेच चार प्रश्न विचारा. ऐकून समजतं पण वाचून नाही, तर अडचण अक्षरवाचनाची आहे. मन सगळं जोडाक्षरं आणि रफार सोडवण्यात गुंतलेलं असतं. अशा वेळी रोज पाच-सात मिनिटं तोच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचून घ्यावा. ऐकूनही समजत नसेल तर शब्दसंपत्ती आणि वाक्यरचना कमी पडतेय. मग वाचून दाखवणं आणि त्यावर गप्पा मारणं, हाच उपाय. गफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६मध्ये मांडलेलं साधं सूत्र हेच सांगतं : आकलन म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. गुणाकार असल्यामुळे दोहोंतलं एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच.

प्रश्न : ‘काही अडलं का?’ विचारलं की सगळे एकसुरात ‘नाही!’ म्हणतात. खोटं बोलतात का?

नाही. आपल्याला समजलेलं नाही, हेच त्यांना कळत नाही. मानसशास्त्रज्ञ एलन मार्कमन यांनी १९७९मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्राथमिक शाळेतल्या मुलांना आत विसंगती पेरलेले उतारे दिले होते. सहावीपर्यंतच्या अनेक मुलांना ती विसंगती जाणवलीच नाही.

म्हणून बिघडलेली वाक्यं ओळखण्याचा खेळ घ्या. ‘रात्री वीज गेली. घरात मेणबत्ती नव्हती, टॉर्चही नव्हता. त्या मिट्ट काळोखात राजू गोष्टीचं पुस्तक वाचत बसला.’ मुलांना आधीच सांगा, की यात एक गडबड आहे, ती शोधा. न सांगता दिलंत तर बहुतेकांच्या हाती काही लागणार नाही आणि खेळ पडेल. आठवड्यात दोनदा, दर वेळी तीन उतारे पुरे. पुढे त्यातला एक उतारा बिनचूक ठेवा, नाहीतर मुलं उगाचच खुसपटं काढू लागतात. नंतर पाठ्यपुस्तक वाचताना समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करायला लावा आणि प्रश्नचिन्ह करणाऱ्याचं कौतुक करा.

प्रश्न : सारांश सांग म्हटलं की ‘मग… मग… मग…’ करत अख्खी गोष्ट येते.

गोष्टीसाठी चार खुंट्या द्या : कोणाला काय हवं होतं, पण काय आड आलं, म्हणून काय केलं, शेवटी काय झालं. प्रत्येक खुंटीला एक वाक्य. माहितीच्या उताऱ्याला हा साचा चालत नाही. तिथे दोनच प्रश्न पुरतात : हे कशाबद्दल आहे, आणि त्याबद्दल मुख्य काय सांगितलंय? ‘गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते कातडीतून श्वास घेतं. त्यासाठी कातडी ओली राहावी लागते. म्हणून ते ओलसर मातीत राहतं. कडक उन्हात ते कोरडं पडून मरू शकतं.’ याचा सारांश : ‘गांडूळ कातडीतून श्वास घेतं, म्हणून त्याला ओलावा लागतो.’ बारा शब्दांची मर्यादा घाला. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सारांश सांगताना पुस्तक मिटलेलं असू द्या. उघडं असलं की पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरतं. पडताळायला नंतर उघडायचं.

प्रश्न : गटात अंदाज, प्रश्न, उलगडा आणि सारांश अशी कामं वाटून दिली. मुलं नुसत्या पाट्या टाकतात.

पालिन्सार आणि ब्राऊन या संशोधकांनी १९८४मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात सातवीच्या मुलांबरोबर वापरली गेली होती. तिथे सुरुवातीला सगळं शिक्षकच करून दाखवत आणि मग हळूहळू मुलांवर सोपवत. तो टप्पा गाळून थेट कामांच्या चिठ्ठ्या वाटल्या की पाट्याच टाकल्या जातात. चारही कामं सगळ्यांना येऊ लागेपर्यंत वाटणी नको. गट चौघांचाच ठेवा आणि परिच्छेद बदलला की कामंही बदला.

प्रश्न : दर महिन्याला एक नवं कौशल्य, असं वर्षाचं नियोजन केलंय. योग्य आहे का?

आमच्या मते नाही. मुलं मग ‘अंदाज’ महिन्यात अंदाज करतात आणि पुढच्या महिन्यात विसरतात. तीन-चार कौशल्यं पुरेशी आहेत, आणि कोणताही उतारा वाचताना ती एकत्रच लागतात. उरलेला वेळ विषयाला द्या. रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८च्या प्रयोगात बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या कच्च्या वाचकांनी, त्या खेळाची फारशी माहिती नसलेल्या पक्क्या वाचकांपेक्षा बेसबॉलवरचा उतारा चांगला समजून घेतला. म्हणून सुटे सुटे दहा उतारे देण्यापेक्षा एकाच विषयावरचे चार-पाच उतारे सोप्याकडून अवघडाकडे लावा. मुंग्यांवर सुरू केलंत तर दोन आठवडे मुंग्याच चालू द्या. वारूळ, राणी, कामकरी हे शब्द चौथ्या उताऱ्यात परत आले की पहिल्या उताऱ्यावर अडखळणारं मूलही तिथे थांबत नाही.