उत्तर: पाचवी, फ्रेंच इमर्शन, दशांशांचा घोळ – आधी कान तपासा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कॅनडातल्या ओंटारियोत पाचवीत शिकणारी मुलगी, फ्रेंच इमर्शनमध्ये, म्हणजे बरेच विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गात, आणि गणितही फ्रेंचमधून. चाचणीत ०,६ (आपलं ०.६) च्या जागी ६० लिहून आली आणि ३,७५ हे ३,८ पेक्षा मोठं म्हणाली. आता शिकवणी लावावी की इंग्रजी वर्गात हलवावं, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे हेच झालं होतं, अगदी ह्याच दोन चुकांसकट, म्हणून सविस्तर लिहितेय. मी शिक्षिका नाही. क्यूबेकच्या शाळांचं मला माहीत नाही, आणि ओंटारियोतही प्रत्येक शाळा-बोर्डाचं वेगळं असतं. इमर्शनमध्ये आठवीअखेर फ्रेंचमधून किमान ३८०० तास व्हावे लागतात, पण ते कुठल्या विषयांतून हे बोर्ड ठरवतं. काही बोर्डांत गणित इंग्रजीतूनच असतं. तेव्हा माझं म्हणणं तुमच्या शाळेशी ताडून घ्या.

अंश, छेद, समच्छेद हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. खाली मी फ्रेंच पद्धतीनंच लिहिणार आहे, म्हणजे स्वल्पविराम हेच दशांश चिन्ह.

पहिली गोष्ट: तिच्या दोन चुका दोन वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांना एकच औषध देऊ नका.

०,६ चे ६० होणं ही कानाची चूक आहे. फ्रेंचमध्ये दहाच्या गठ्ठ्याला 'दिझेन' म्हणतात आणि दहाव्या भागाला 'दिझिएम'. तसंच शंभराचा गठ्ठा 'सांतेन', शंभरावा भाग 'सांतिएम'. बाई वर्गात भरभर बोलताना 'सी दिझिएम' म्हणाल्या आणि मुलीनं 'सी दिझेन' ऐकलं, की झालेच ६०. मराठीत ही अडचण येत नाही, कारण दशक आणि दशांश कानाला स्पष्ट वेगळे लागतात. तेच मुलीला दाखवा. शेवटी '-एन' आला की दशक-शतकासारखा गठ्ठा, '-इएम' आला की दशांश-शतांशासारखा अंश. आमच्याकडे सगळ्यांत जास्त उपयोग ह्या एका जोडीचा झाला. मात्र '-इएम' क्रमवाचकही असतो. सहावीच्या वर्गाला 'सिझिएम' म्हणतात आणि सहाव्या भागालाही 'सिझिएम'च. शिवाय निम्म्याला 'द्मी', तृतीयांशाला 'तिएर' आणि पावाला 'कार' हे तीन शब्द नियमाबाहेरचे. मुलं पावाला 'कात्रिएम' म्हणून मोकळी होतात. हे तिन्ही पाठच करायचे, दुसरा इलाज नाही.

३,७५ मोठं वाटणं ही वाचनाची चूक आहे. वर्गात ही संख्या बहुधा 'त्र्वा व्हिर्ग्यूल स्वासांत-कँझ' अशी वाचतात, म्हणजे तीन, स्वल्पविराम, पंच्याहत्तर. ३,८ म्हणजे तीन, स्वल्पविराम, आठ. पंच्याहत्तर आठापेक्षा मोठे, मग तिचं काय चुकलं? आपण मराठीत 'तीन दशांश चिन्ह सात पाच' असं अंक सुटे सुटे वाचतो, म्हणून हा सापळा आपल्या लक्षातच येत नाही. उपाय म्हणजे पूर्ण वाचन: 'त्र्वा ए स्वासांत-कँझ सांतिएम', तीन आणि पंच्याहत्तर शतांश. दुसरी संख्या तीन आणि आठ दशांश. आता दोन्हींची जात वेगळी आहे हे ऐकूनच कळतं, आणि आठ दशांश म्हणजे ऐंशी शतांश हे तिचं तीच म्हणते. 'मागे शून्य लाव आणि बघ' हा नियम सुरुवातीला देऊ नका. उत्तर बरोबर येतं, पण कारण कळत नाही. मग सहावीत सहस्रांश आले की पुन्हा तीच रड.

खरी अडचण कुठे आहे ते शोधायला एका संध्याकाळचं काम पुरे. कागदावर ०,६ आणि ०,४५ लिहून मोठी संख्या विचारा, तोंडानं काही बोलू नका. मग त्याच संख्या फ्रेंचमध्ये ऐकवून लिहायला सांगा. तुम्हाला फ्रेंच येत नसेल तर फोनवर कॅनडाच्या फ्रेंचचा आवाज लावा आणि संख्या अक्षरांत टाईप करा, आकड्यांत नको. शेवटी तोच प्रश्न मराठीत, सहा दशांश आणि पंचेचाळीस शतांश असा. फक्त ऐकून लिहिण्यात चूक असेल तर गणित ठीक आहे. तिन्हीकडे चूक असेल तर संकल्पनाच कच्ची आहे. कागदावर चूक पण मराठीत बरोबर, असं झालं तर प्रश्न वाचनाचा आहे. पैशांवर ही परीक्षा घेऊ नका. ३,७५ डॉलर आणि ३,८० डॉलर मुलं बरोबर सांगतात, कारण ती डॉलर आणि सेंट अशा दोन वेगळ्या पूर्ण संख्या वाचतात. दशांश कळल्याचं ते लक्षण नाही.

आता आम्हाला सर्वांत महाग पडलेली चूक. ही परीक्षा न घेता आम्ही शिकवणी लावली. शिकवणी इंग्रजीतून होती आणि तिथल्या कागदांवर टिंब होतं. तिथे मार्क छान पडायचे आणि वर्गात घसरण चालूच, कारण अडचण 'दिझिएम' ऐकण्यात होती आणि तो शब्द शिकवणीत एकदाही उच्चारला जात नव्हता. वर संख्या लिहिण्याच्या तीन पद्धती एकत्र आल्या. शाळेत १,२५० म्हणजे सव्वा. इंग्रजी कागदावर १,२५० म्हणजे बाराशे पन्नास. आणि घरी आपण सवयीनं सव्वा लाखाला दोन स्वल्पविराम देतो. फ्रेंचमध्ये हजारांसाठी फक्त मोकळी जागा सोडतात, १२ ५०० अशी, आणि यादी करताना अर्धविराम देतात: ०,५; ०,२५; १,२. घरातल्या वहीत हीच एक पद्धत ठेवा, निदान वर्षभर. किराण्याच्या यादीतसुद्धा.

त्यातच एका कार्यालयातून सल्ला मिळाला की इमर्शन झेपत नाहीये, इंग्रजीत घाला. मुलीचा एकही पेपर कुणी उघडून बघितला नव्हता. अजून त्याचा राग येतो. दहा-बारा शब्दांचा घोळ आणि त्यावर उपाय म्हणून पाच वर्षांचं फ्रेंच सोडायचं! असा सल्ला तुम्हाला मिळाला तर 'कोणत्या चुका बघून म्हणता' हे लेखी विचारा. एकदा बाहेर पडल्यावर परत घेतात का, हेही लेखी घ्या. मुलीला खरंच त्रास होत असेल, शाळेत जायलाच नको म्हणत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मी बोलणार नाही.

घरच्या सरावाला दहा मिनिटं पुरतात. १० बाय १० चौकटींचा एक कागद घ्या. अख्खा कागद म्हणजे एक, एक उभी पट्टी म्हणजे दिझिएम, एक चौकट म्हणजे सांतिएम. 'सी दिझिएम' म्हणजे ह्याच कागदातल्या सहा पट्ट्या. 'सी दिझेन' म्हणजे असे साठ अख्खे कागद, टेबलावर मावणार नाहीत इतके. हे एकदा हातांनी मांडलं की शब्द पक्का होतो. त्याच सहा पट्ट्यांत साठ चौकटी आहेत, म्हणून ०,६ म्हणजे ६० %. टक्के त्याच कागदावर, वेगळा धडा नको. 'पूर सां' म्हणजे शब्दशः दर शेकडा, आपली शेकडेवारीच. मग रोज आठ संख्यांचं श्रुतलेखन, निम्मे गठ्ठे आणि निम्मे अंश, क्रम मिसळून. 'स्वासांत' ऐकल्याबरोबर मुलं ६ लिहितात आणि मागून 'कँझ' आलं की अडकतात, मग ०,७५ चे ०,६५ किंवा ०,६१५ होतात. 'कात्र-व्हँ'चंही तसंच. पूर्ण संख्या ऐकल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही, एवढाच नियम.

टक्क्यांत 'द' हा शब्द घात करतो. '६० चे २० टक्के' ह्यात 'द' म्हणजे 'चे', उत्तर १२. पण 'किंमत २० टक्क्यांनी कमी केली' ह्यातही फ्रेंचमध्ये 'द'च येतो, 'रेद्वी द २० %', आणि तिथे ६० डॉलरच्या जाकिटाचे ४८ होतात. 'रेद्वी आ २० %' असेल तर किंमत २० टक्क्यांवर आणली, म्हणजे १२ डॉलर. मुलं 'द' दिसला की १२ लिहून पुढे जातात. प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करायला लावा.

भागाकाराची मांडणीही बघा. ३/४ चा दशांश काढताना आपण भाजक ४ डावीकडे लिहितो. फ्रेंच मांडणीत भाज्य ३ डावीकडे, उभी रेघ, भाजक ४ उजवीकडे आणि त्याच्याखाली उत्तर. सगळे इमर्शन वर्ग ही मांडणी वापरत नाहीत, आधी वही बघा. वापरत असतील आणि घरी आपण आपली मांडणी केली, तर मूल ४ भागिले ३ करून १,३३ काढतं. पाऊण एकापेक्षा जास्त कसं, एवढं विचारलं तरी तिचं तिला कळेल.

आणि मराठी बाजूला ठेवू नका. आजी-आजोबा व्हिडिओवर असतील तर त्यांच्याकडून पाऊणकी म्हणवून घ्या: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. मुलगी समोर लिहील ०,७५, १,५, २,२५, ३. घड्याळ तर आपलंच आहे. सव्वादोनला फ्रेंचमध्ये 'दोन आणि पाव' म्हणतात, पावणेदोनला 'दोन उणे पाव'. इंग्रजीपेक्षा मराठी इथे फ्रेंचच्या जवळ आहे, आणि हे मुलांना फार आवडतं.

बारीकसारीक: दुधाच्या डब्यावरचे १, २, ३,२५ टक्के क्रमानं लावायला सांगा. पाकिटावरच्या पोषणतक्त्यात ५ % म्हणजे कमी आणि १५ % म्हणजे जास्त असं लिहिलेलं असतं, तेही वाचून घ्या. ओंटारियोचा विक्रीकर १३ टक्के, तो १० अधिक ३ असा तोंडी: ४० डॉलरवर ४ आणि १,२०, मिळून ५,२०. गणिताच्या इंग्रजी संकेतस्थळांवर स्वल्पविराम टाईप केला तर उत्तर चुकीचं धरतात, तिथे भाषा फ्रेंच करता येते का आधी पाहा.

शिकवणीचा निर्णय पंधरा दिवस थांबवा. त्याआधी बाईंना छोटी ईमेल करा आणि दोनच गोष्टी मागा. एक, तपासलेल्या चाचणीची प्रत. दुसरी, वर्गात ३,७५ कसं वाचतात, 'व्हिर्ग्यूल' म्हणून की 'सांतिएम' म्हणून. उत्तर आलं की इथेच लिहा, आणि चाचणीतल्या चुका जशाच्या तशा टाका, मुलीचं आणि शाळेचं नाव झाकून. त्यावरून पुढचं सांगते.