तुमचा खाडा कोण धरणार?

‘काही दिवसांची ठाणेकर’ अशी सही करून एका वाचक भगिनीने चार पानांचे पत्र पाठवले आहे. त्या सत्तावीस वर्षांच्या असून मूळच्या सोलापूरच्या आहेत. नेरूळमधील एका कंपनीत त्या अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आल्या. ते कंत्राट दोनदा वाढले आणि ठाणे पूर्वेला, कोपरीत, तीन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहून त्यांना आता दोन वर्षे चार महिने झाले आहेत. हाती येणारा स्वतःचा पगार, तलावपाळीवरची संध्याकाळ, रात्री नाटक पाहून एकटीने निर्धास्तपणे खोलीवर परतणे, हे सारे त्यांना मनापासून आवडते. मात्र गेल्या जुलैत त्या चार दिवस तापाने पडून होत्या, तेव्हा कार्यालयातून रजेच्या अर्जाची विचारणा झाली तेवढीच, बाकी कोणीही चौकशी केली नाही. ‘या शहरात माणूस असला काय आणि नसला काय, कोणाला कळत नाही,’ असे त्या लिहितात. सोलापूरहून आई प्रत्येक फोनवर ‘कायमची कधी येतेस?’ असे विचारते. राहावे की परतावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, गाडीतल्या गर्दीविषयी लिहिताना, तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून गेला आहात. ‘रोज सकाळी रिटर्न तिकिटाच्या रांगेत वीस मिनिटे जातात, कारण पास काढलेला नाही, राहायचेच किती दिवस आहे.’ त्यानंतर लगेच तुम्ही खिडकीजवळच्या धक्काबुक्कीकडे वळलात. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबले, आणि तुमचे उरलेले पत्र मला त्या एका वाक्यातून वाचावे लागले.

मी कागदावर हिशेब मांडला. सुट्ट्या आणि सोलापूरच्या फेऱ्या वगळून महिन्याचे चोवीस दिवस धरले, तर अठ्ठावीस महिन्यांत तुम्ही ६७२ वेळा त्या रांगेत उभ्या राहिलात. प्रत्येक वेळची वीस मिनिटे धरली तर ते २२४ तास होतात, म्हणजे नऊ दिवसांहून अधिक काळ तुम्ही रात्रंदिवस त्या खिडकीसमोर उभ्या आहात. पैशांचे तर विचारूच नका, कारण महिन्याचा पास हा रोजच्या तिकिटांच्या निम्म्याहूनही कमी खर्चात येतो आणि तीन महिन्यांचा एकदम काढला तर त्याहूनही स्वस्त पडतो. हिशेबात चोख असलेली तुमच्यासारखी मुलगी हे जाणत नसेल, असे मला वाटत नाही. पगारातले किती सोलापूरला पाठवता आणि किती मागे टाकता, हे तुम्ही रुपयापर्यंत लिहिले आहे. तेव्हा पास न काढण्याचे कारण पैसा नाही आणि आळस तर मुळीच नाही. ६७२ सकाळी तुम्ही कष्टाने उभ्या राहिलात, ते स्वतःला पटवण्यासाठी, की मी येथली नाही.

आता तुमच्या जुलैच्या तापाकडे येते. ते चार दिवस तुम्हाला फार लागले आहेत, हे पत्रात जागोजागी दिसते, आणि ते दिवस तसे जायला नको होते. पण त्यासाठी मी शहराला दोष देणार नाही, आणि तुमच्यासोबत राहणाऱ्या त्या तिघींनाही देणार नाही. चार पानांत तुम्ही त्यांचा उल्लेख ‘एक’, ‘दुसरी’ आणि ‘तिसरी’ असा केला आहे. त्यांची गावे कोणती, त्या काय काम करतात, याविषयी एक अक्षर नाही. ज्यांना आपण अठ्ठावीस महिने आकड्यांनी ओळखतो, त्यांनी आपल्या कपाळाला हात लावून ताप पाहावा, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही.

तुमच्या आजोबांच्या पिढीला विचारलेत तर त्यांना ‘खाडा’ हा शब्द नक्की आठवेल. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो चाकरमानी असेच ‘काही दिवसांसाठी’ आले होते. बायकामुले गावी, शेतीचा तुकडा गावी आणि मनही गावी ठेवून ते लालबाग-परळच्या चाळींत गाववाल्यांच्या खोल्यांमध्ये राहत, पाळीपाळीने त्याच जागेत झोपत आणि खानावळीत जेवत. त्या खानावळी बहुतेक गिरणी कामगारांच्या घरांतल्या बाया चालवत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच खानावळवाल्या बायांना संघटित करण्यासाठी. तेथे पैसे महिन्याचे ठरलेले असत, आणि एखाद्या दिवशी माणूस जेवायला आला नाही तर त्याचा खाडा धरला जाई. म्हणजे त्याचे न येणे कोणीतरी टिपून ठेवी. दोन दिवस खाडा पडला की बाई दुसऱ्या गड्याला विचारी, ‘तो कुठे आहे? बरा आहे ना?’ ही चौकशी प्रेमापोटी होत असे की हिशेबापोटी, हे शोधण्यात अर्थ नाही, कारण तापाने फणफणलेल्या माणसापर्यंत पेज दोन्हींतून पोहोचत असे. पण खाडा धरला जाई तो महिना बांधलेल्या माणसाचाच. वाटेने जाता जाता एक ताट जेवून गेलेल्याचा खाडा कोणालाही धरता येत नाही, कारण तो उद्या येणार होता हेच कोणाला ठाऊक नसते.

तुम्ही अठ्ठावीस महिने या शहरात रोजचे ताट घेत आहात. रांग लहान असेल तर एक गाडी, मोठी असेल तर त्यापुढची, आणि जो डबा समोर येईल तो. ठाण्याच्या नऊ-दहा क्रमांकाच्या फलाटांवर पनवेलची, नेरूळची, वाशीची गाडी धरणाऱ्या बायका एका ठरावीक खांबापाशी उभ्या असतात, ते केवळ दार नेमके तेथे येते म्हणून नव्हे. महिलांच्या डब्यात ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न बसायला जागा मिळावी म्हणून विचारला जातो हे खरे, पण रोज त्याच बाईला तो विचारावा लागत नाही, कारण ती कोपरखैरणेला उतरते आणि तिच्यानंतर ती जागा कोणाची, हे साऱ्यांना पाठ असते. दसऱ्याच्या सुमारास त्याच बायका डब्याला तोरण बांधतात आणि संक्रांतीला चालत्या गाडीत हळदीकुंकू करतात. त्यांतल्या कितीतरी जणींना एकमेकींचे आडनाव माहीत नसते. या शहरात माणसाची पहिली ओळख त्याच्या वेळेवरून होते, नावापर्यंत ती पुढे पोहोचते, आणि तुमची वेळ मात्र रोज तिकिटाची रांग ठरवते.

मी स्वतः चोवीस वर्षांची असताना साताऱ्याहून ठाण्याला आले आणि पास काढून सकाळच्या एकाच गाडीने व्हीटीला जाऊ लागले. समोर बसणाऱ्या एक बाई रोज भाजी निवडत आणि न विचारता अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवत. एकदा मी तीन दिवस आजारी होते. चौथ्या दिवशी डब्यात चढले, तेव्हा त्या सरकल्या, तिघींच्या बाकावर चौथ्या सीटची जागा करून दिली आणि म्हणाल्या, ‘तीन दिवस तुझ्या वाटची गवार मीच निवडली.’ त्यांचे नाव मला त्यानंतर वर्षभराने कळले. आज इतक्या वर्षांनी तुम्हाला हे लिहितानाही माझा हात थोडा थांबला.

तुमच्या खोलीच्या कराराविषयी तुम्ही शेवटी विचारले आहे, तेही याच धाग्यातले आहे. व्यवहार तोंडीच आहे आणि ‘थोड्याच दिवसांचा प्रश्न’ म्हणून तुम्ही कागद मागितला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकाची असते, मग मुदत अकरा महिन्यांची असली तरीही. अनामत रक्कम तुमची आहे, तेव्हा कागद मागा.

आईंविषयीही स्पष्ट लिहिते. ‘तुझी खोली जशीच्या तशी ठेवली आहे,’ असे त्या प्रत्येक वेळी सांगतात, आणि सुट्टीला जाऊन तुम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत निघालात की ‘आता पुढच्या खेपेला सगळे सामान घेऊनच ये,’ असेही म्हणतात. त्यांची माया मला कळते. पण मुलीने जेथे दिवस काढायचे आहेत तेथे तिचे मन लागू नये, अशी ही माया आहे, आणि तुम्ही ती दोन वर्षे चार महिने निमूटपणे पाळत आला आहात. तुमच्या खिशात पास नाही, कारण तो आईंना दिसेल अशी तुम्हाला धास्ती वाटते, असे मला वाटते. माझे चुकत असेल तर तसे कळवा.

राहावे की परतावे, या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही. तुम्ही येथे अजून राहिलेल्याच नाहीत, मग हे शहर सोडावे की नाही, ते कशाच्या आधारावर ठरवायचे? उद्या सकाळी नेहमीच्या त्याच रांगेत शेवटच्या वेळी उभ्या राहा. ओळखपत्र आणि छायाचित्र जवळ ठेवा आणि ठाणे ते नेरूळ असा तीन महिन्यांचा पास मागा. एका महिन्याचा मागू नका, कारण महिनाभर पाहते म्हणून काढलेला पास हे तुमच्यासाठी पुन्हा एक मोठे तिकीटच ठरेल. त्या रात्री आईंना फोन करून ‘मी तीन महिन्यांचा पास काढला’ एवढे एकच वाक्य सांगा आणि पलीकडून काहीही आले तरी त्यावर खुलासा करू नका. परवापासून एकच गाडी धरा आणि एकाच खांबापाशी उभ्या राहा, पाऊस असला तरी आणि पुढची गाडी रिकामी दिसत असली तरी.

पासाची मुदत संपेल त्या आठवड्यात मला पुन्हा लिहा. सोलापूरचा प्रश्न तोवर राहिलाच असेल तर तो त्या पत्रात जरूर विचारा, आणि त्याआधी तुमच्या डब्यातल्या तीन बायका कोणत्या स्टेशनला उतरतात, ते मला कळवा.