‘जॅझ’ : व्युत्पत्ती आणि लिंग

‘जॅझ’ हा शब्द, हे संगीत जिथे जन्मले त्या अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या फ्रेंच बोलीतून, ‘बडबड करणे’ या अर्थाच्या ‘जाझे’ या क्रियापदावरून आला का, आणि मराठीत तो कोणत्या लिंगात योजावा, अशी विचारणा झाली आहे.

संगीत जिथे जन्मले तिथेच त्याचे नावही जन्मले असणार, असे आपण नकळत धरून चालतो, आणि म्हणून ही व्युत्पत्ती चटकन पटते. लेखी पुरावा मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे आणि तेही बेसबॉलच्या मैदानावर नेतो. एप्रिल 1912 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बेन हेंडरसन या खेळाडूच्या हेलकावे खात जाणाऱ्या ‘जॅझ बॉल’ची बातमी छापली. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बुलेटिन’ या वृत्तपत्रात हा शब्द खेळाडूंच्या अंगातील जोम, तडफ, हुरूप या अर्थाने वारंवार येऊ लागला. याच अर्थाचा ‘जॅझम’ हा शब्द 1860 पासून छापील मजकुरात सापडतो, आणि ‘जॅझ’ हे त्याचेच आखूड रूप असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. (आपला ‘जोश’ही ध्वनीने आणि अर्थाने जवळचा वाटतो, पण निव्वळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारू नये, हे सांगायला हेच उदाहरण पुरेसे आहे.)

संगीताच्या संदर्भात हा शब्द 1915 साली शिकागोच्या वृत्तपत्रात दिसतो, तर न्यू ऑर्लिन्सच्या वृत्तपत्रात तो नोव्हेंबर 1916 मध्ये ‘जॅस’ या रूपात येतो. फेब्रुवारी 1917 मध्ये न्यू यॉर्कला ज्यांचे ध्वनिमुद्रण झाले, त्या ‘ओरिजिनल डिक्सीलँड’ या गोऱ्या वादकांच्या बँडनेही आधी ‘जॅस’ असेच लिहिले होते. याउलट, या संगीताचा आद्य वादक मानला जाणारा न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक बडी बोल्डन याचे वादन 1907 मध्येच थांबले होते. त्यामुळे आपल्या संगीताला वाजवण्याच्या काळात त्याने ‘जॅझ’ म्हटले असण्याची शक्यता फारच कमी. न्यू ऑर्लिन्सचेच कृष्णवर्णीय वादक सिडनी बेशे यांनी तर हे नाव गोऱ्यांनी दिलेले आहे असे आत्मचरित्रात स्पष्ट म्हटले आणि स्वतः ‘रॅगटाइम’ (जॅझच्या आधीच्या एका संगीतशैलीचे नाव) हाच शब्द धरून ठेवला. नामवंत जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांनाही हे लेबल मानवत नसे. तेव्हा फ्रेंच मूळ मला ग्राह्य वाटत नाही.

आता लिंगाविषयी. मराठीत परका शब्द बहुधा आपल्या जवळच्या देशी शब्दाचे लिंग घेतो, आणि येथे तो शब्द ‘संगीत’ आहे. म्हणून ‘जॅझ ऐकले’, ‘जुने जॅझ’ असा नपुंसकलिंगी प्रयोग करावा. ‘जॅझ ऐकला’ हे रूप कानावर पडते, कदाचित ‘खयाल’, ‘टप्पा’ यांच्या वळणाने. परंतु खयाल हा गायनाचा एक प्रकार, तर जॅझ ही स्विंग, बीबॉप अशा अनेक प्रकारांना पोटात घेणारी अख्खी परंपरा असल्यामुळे ती तुलना नीट बसत नाही.