१९१९ च्या ब्लॅक सॉक्स प्रकरणात खेळाडूंना पैसे कसे दिले गेले?
हप्त्याहप्त्याने, आणि कबूल केलेली रक्कम पूर्ण कधीच मिळाली नाही. शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाने सिनसिनाटी रेड्सविरुद्धची वर्ल्ड सीरिज (विजेतेपदाची मालिका) मुद्दाम हरायची, बदल्यात सुमारे १ लाख डॉलर, असा सट्टेबाजांशी सौदा ठरला होता. पिचर एडी सिकॉट मात्र आगाऊ रकमेवर अडून बसला. मालिका सुरू होण्याआधी हॉटेलच्या खोलीत त्याला उशीखाली १०,००० डॉलर सापडले! जो जॅक्सनला २०,००० कबूल केले होते, हातात पडलं ५,००० चं पाकीट.

१९२१ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं, तरी बेसबॉलचे कमिशनर (सर्वोच्च प्रशासक) लँडिस यांनी प्रकरणात नाव आलेल्या आठही खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. त्यातली बक वीव्हरवरची बंदी मला आजही खटकते. त्याने एक छदामही घेतला नव्हता, कट माहीत असून तो गप्प राहिला एवढंच.