पंधराची अट तीस करण्याआधी

तुमचा प्रश्न दुपारी वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. पंधरा वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी अडकलो होतो आणि तेव्हा घेतलेला निर्णय मला आजही सलतो. म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही म्हणता, मंडळाच्या स्मरणिकेसाठी भारताच्या थोर कसोटी फलंदाजांची यादी करायला घेतली. किमान १५ कसोटींची अट ठेवली, सरासरीप्रमाणे (एकूण धावा भागिले किती वेळा बाद झाला) क्रम लावला, तर विनोद कांबळी (१७ कसोटी, ५४.२०) सचिनच्या (२०० कसोटी, ५३.७८) वर आला. लोक हसतील, तेव्हा अट ३० कसोटींची करू का?

नका करू. निदान या कारणासाठी तरी नका. ३० हा आकडा वाईट नाही, पण यादी बघितल्यावर, नावं पटली नाहीत म्हणून अट हलवायची, हे वाईट आहे. तसं करायचं तर एक्सेल उघडायचंच कशाला, मनातली यादी सरळ छापून टाका.

अट किती नाजूक असते ते बघा. ब्रॅडमन ९९.९४ वर एकटा उभा आहे, तो वाद नाही. पण निवृत्त खेळाडूंमध्ये त्याच्या खालोखाल कोण? किमान २० कसोटी म्हटलं तर ऑस्ट्रेलियाचाच अ‍ॅडम व्होजेस, ६१.८७. बरोब्बर २० कसोटी खेळलाय तो, आणि त्यात वेस्ट इंडीजविरुद्धची त्याची सरासरी आहे ५४२. अट २१ केली की व्होजेस गायब, ग्रॅमी पोलॉक दुसरा (२३ कसोटी, ६०.९७). २४ केली की पोलॉक गेला, हर्बर्ट सटक्लिफ आला (५४ कसोटी, ६०.७३). म्हणजे चार कसोटींच्या फरकात दुसरा क्रमांक तिघांकडे फिरतो. आता यातला "खरा" दुसरा कोण, हे अट ठरवणाऱ्याच्या हातात आहे, आणि त्याला ते आपल्या हातात आहे याची जाणीवही नसते. मला नव्हती.

मी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो आणि सुट्टीच्या दिवशी स्कोअरर म्हणून बसायचो. जिल्ह्याच्या १६ वर्षांखालच्या संघाची निवड होती. निवड समितीतल्या एका सरांनी सांगितलं, "तुम्ही आकडेवाले, फलंदाजांची क्रमवारी काढून द्या." हौसेने काढली. अट न लावता पहिल्या नंबरावर एक वेगवान गोलंदाज आला, कारण तो हंगामात एकदाच बाद झाला होता. (हे मोठ्यांतही होतं. १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा अकरावा फलंदाज बिल जॉन्स्टन १७ डावांत १६ वेळा नाबाद राहिला आणि १०२ धावांवर १०२ ची सरासरी घेऊन परतला.) म्हणून किमान पाच डावांची अट घातली. यादी आली, पण वरची नावं मला ओळखीची वाटेनात. ज्या दोन मुलांचं सगळीकडे नाव होतं, ते खाली. मग अट आठ डावांची केली. लगेच यादी शोभायला लागली. तीच छापून दिली.

पाचच्या यादीत दुसरा असलेला एक डावखुरा मुलगा आठच्या यादीत नव्हताच. त्याचे सात डाव होते. त्याच्या शाळेच्या दोन मॅच पावसाने धुऊन नेल्या होत्या. समितीने माझ्या कागदाबाहेर बघितलं नाही आणि त्याचं नाव चर्चेलाही आलं नाही.

पुढच्या मे महिन्यात एका मॅटिंगवरच्या (चटई अंथरलेल्या खेळपट्टीवरच्या) सामन्यात त्याला खेळताना पाहिलं. चेंडू अंगावर येत होता, बाकीचे पाय मागे काढत होते आणि हा शांतपणे शेवटच्या क्षणी बॅट लावत होता. घरी येऊन जुना कागद काढला. ठरवलं, सगळे डाव पुन्हा मांडायचे : कुठल्या मैदानावर, कोणाच्या गोलंदाजीवर, संघाची अवस्था काय असताना. त्यासाठी स्कोअरबुकं हवी होती. माझ्याकडे फक्त गोषवारा होता : डाव, नाबाद, धावा, बस्स.

जिल्ह्याचं क्रिकेट ज्या कार्यालयातून चालायचं त्याचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला सांगितलं, अर्ज द्या. दुसऱ्या खेपेला, सचिव आले की बघू. तिसऱ्यांदा, "गोषवारा दिलाय ना, आता अजून काय पाहिजे?" चौथ्यांदा कळलं की रंगकामाच्या वेळी कपाट रिकामं करताना मागच्या तीन हंगामांची स्कोअरबुकं रद्दीत गेली. ज्यांनी उन्हात बसून एकेक टिंब भरलं त्यांतला एक मी होतो. किलोवर गेलं ते सगळं. मला अजून राग येतो, आणि तो का येऊ नये? सरासरीचा आकडा चुकीचा वापरला तर पुन्हा वापरता येतो, पण ज्यातून तो काढला तेच गेलं तर चूक दुरुस्तच होत नाही. तोवर मुलाचं वयही १६ च्या पुढे गेलं होतं. पुढे त्याने खेळ सोडला. माझ्यामुळेच सोडला असं म्हणत नाही, पण त्या यादीत तो असायला हवा होता.

आता तुमच्या यादीकडे. तुम्हाला कोण वर आलं ते दिसलं, कोण बाहेर गेलं ते बघितलंत का? तुमच्या १५ च्या अटीने मुंबईचे विजय मर्चंट आधीच गेले आहेत. १९३३ ते १९५१ या १८ वर्षांत त्यांच्या वाट्याला १० कसोटी आल्या, दहाही इंग्लंडविरुद्ध, मध्ये महायुद्ध. कसोटीतली सरासरी ४७.७२, पण प्रथम श्रेणीत (म्हणजे रणजीसारखे अनेक दिवसांचे सामने धरून) ७१.६४. त्या यादीत मोठी कारकीर्द असलेल्यांत त्यांच्या पुढे ब्रॅडमनच. स्मरणिका मराठी माणसं वाचणार आणि त्यात मर्चंट नाहीत, हे मला कांबळी वर येण्यापेक्षा कितीतरी जास्त खटकतं.

आणि कांबळीची ओळ तरी चूक कुठे आहे? ती अर्धी आहे एवढंच. पहिल्या ७ कसोटींत ७९३ धावा, चारही शतकं त्यातलीच, दोन द्विशतकं. पुढच्या १० कसोटींत २९१. शेवटची कसोटी १९९५ मध्ये, वय २३. त्याची सरासरी खाली यायला किंवा पुन्हा वर जायला वेळच मिळाला नाही. सचिनचं शेवटचं कसोटी शतक जानेवारी २०११ चं, केपटाउनचं १४६. त्यानंतर जवळपास तीन वर्षं तो शतकाविना खेळला आणि सरासरी उतरत गेली. जो जास्त टिकतो त्याला सरासरी शिक्षा करते. म्हणून माझं मत (फक्त मत, बोर्डाशी किंवा कुठल्या संघाशी माझा संबंध नाही) असं की सरासरीशेजारी कारकिर्दीची वर्षं आणि डाव हे रकाने असल्याशिवाय तो आकडा छापूच नये.

गावसकरांबद्दल तुम्ही "वेस्ट इंडीजविरुद्ध १३ शतकं" असा वेगळा गुण दिलाय. तो आकडाही उघडून बघा. १९७१ ची चार शतकं झाली तेव्हा वेस्ट इंडीजचा तो प्रसिद्ध वेगवान ताफा अजून घडायचा होता. १९७८-७९ ची चार झाली तेव्हा त्यांचे मोठे खेळाडू केरी पॅकर या उद्योगपतीच्या बंडखोर लीगकडे होते. उरली पाच : १९७६ ची दोन, १९८३ मध्ये जॉर्जटाउनला एक, आणि १९८३-८४ ची दिल्ली व चेन्नईची. चेन्नईला ते चौथ्या क्रमांकावर आले, तेव्हा धावफलकावर शून्यावर दोन बाद होते, आणि २३६ वर नाबाद राहिले. ही पाच शतकं मला तेरापेक्षा मोठी वाटतात. असं म्हटलं की गावसकरांना कमी लेखतो म्हणून माझ्याशी भांडायला येणारे आहेत. येऊ देत, माझा हिरो तोच आहे.

एक विनंती, "सचिनने शतक केलं की भारत हरतो" हे वाक्य स्मरणिकेत येऊ देऊ नका. एकदिवसीय सामन्यांत त्याची ४९ शतकं, त्यातले ३३ सामने भारत जिंकला, १४ हरला. तो खेळलेल्या एकूण ४६३ सामन्यांत भारताचे विजय २३४, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त. शतक झालं तेव्हा दोन तृतीयांश. लोकांना हैदराबादचे १७५ आणि तीन धावांनी झालेली हार आठवते, कारण ती जिव्हारी लागली. अर्थात त्याच्यामुळेच जिंकलो असंही यातून सिद्ध होत नाही. कुठल्याही संघाचा फलंदाज शतक करतो तेव्हा संघाची शक्यता वाढतेच.

मी आता काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. शीट उघडण्याआधी अट कागदावर लिहायची, तारीख घालायची, दुसऱ्या कुणाकडे ठेवायला द्यायची. मग प्रत्येक फलंदाजाची सरासरी, त्याच सामन्यांत दोन्ही संघांच्या पहिल्या सहा फलंदाजांनी मिळून काढलेल्या सरासरीशी ताडायची. खेळपट्टी आणि काळ यांचा बराच हिशोब त्यात आपोआप होतो. ज्यांनी मुंबईची पावसाळी कांगा लीग पाहिली आहे त्यांना हे समजावायला नको. पावसात, न झाकलेल्या खेळपट्टीवरच्या तीस धावा आणि कोरड्या पाटा (फलंदाजीला सोप्या) विकेटवरच्या तीस धावा सारख्या धरणारा माणूस त्या मैदानांवर उभाच राहिलेला नसतो. काम किचकट आहे, दोन-तीन रविवार जातील.

आणि एक पान अटीबाहेरच्यांसाठी ठेवा. भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. कसोटी एकही नाही. अमोल मुझुमदार, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, पदार्पणात २६०, कसोटी एकही नाही. कसोटींची अट १ ठेवली तरी हे दोघे तुमच्या शीटमध्ये येणार नाहीत.

मर्चंट यांचे रणजीतले डाव मी हंगामवार मांडून ठेवले आहेत, हवे असतील तर सांगा, पाठवतो. आणि तुमच्या भागात कुणाच्या माळ्यावर जुनी स्कोअरबुकं पडली असतील तर आधी मोबाइलवर पानांचे फोटो काढा, मग परवानगी कुणाची लागते ते विचारत बसा.